तहान नसताना मागितलेलं पाणी

नाना, आमच्या ठाण्यात गस्तीसाठी आता विजेच्या सायकली आल्या आहेत. बटण दाबलं की पायडल न मारताही चालतात, आवाज म्हणून नाही. धुळ्यात तुमच्या सरकारी सायकलचं चेनकव्हर असं खडखडायचं की तुम्ही गल्लीत शिरायच्या आधीच बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. इथे जळगावात सायकली आल्या तेव्हा पहिली मी मागून घेतली. हवालदाराची लेक मी, मला कोण शिकवणार, असा माझा तोरा.

तुम्ही प्रत्येक गल्लीत कुठल्या ना कुठल्या घरी पाणी मागायचात. एकदा सुट्टीत मला पुढच्या दांडीवर बसवून नेलंत. एका घरी म्हातारबाबांनी पाणी आणलं, पेल्याला हळदीची बोटं लागलेली. मी नाक मुरडून पेला तसाच परत केला. बाहेर आल्यावर तुम्ही चिडलात. "माले काय तहान लागेल व्हती का? पानी कोन आनस, कसं आनस, ते देखनं पडस!" त्या घरी नेहमी सून पाणी आणायची. आज सासऱ्याच्या बोटांना हळद, म्हणजे चूल तोच सांभाळतोय. मला लिंबाखाली उभं करून तुम्ही सुनेची चौकशी करायला परत आत गेलात. मी रागाने सायकलची घंटी वाजवत बसले होते.

माझ्या फेरीत मेहरूणमधली अकरा ठिकाणं येतात. खांबावरचा कोड मोबाइलने स्कॅन केला की मी तिथे जाऊन आले, हे साहेबांना ठाण्यात बसून दिसतं. घाम येत नाही, बाटली सोबत असते, कुणाकडे पाणी मागायची वेळच येत नाही. एका खांबासमोर एक अक्का राहतात, गावाकडचं घर बंद करून मुलाकडे आलेल्या. सोमवारी सकाळी त्या तांब्या घेऊन फाटकात उभ्या होत्या. "माय, पानी पी ले ना. आंडोर घर नही शे." मुलाची गाडी खरंच दारात नव्हती. मी हसून म्हटलं, "अक्का, बाटली आहे माझ्याकडे." स्कॅन केलं आणि निघाले. वळणावरून मागे पाहिलं, तर तांब्या तसाच त्यांच्या हातात.

गुरुवारी त्या सिव्हिलमध्ये भरती झाल्या. उजवा हात मोडलाय. मुलगा म्हणतो, मोरीत पाय घसरला. डॉक्टरांना ते पटत नाही, आणि अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्यात, कुणाशी बोलत नाहीत. साहेबांनी जबाब घ्यायला मलाच पाठवलं. म्हणाले, "त्यांच्या दारात तुमची रोजची हजेरी दिसते, तुमच्याशी बोलतील. याआधी कधी काही बोलल्या होत्या का?" मी म्हटलं, "नाही, सर."

आज बाटली ठाण्यातच ठेवून गेले. खाटेशेजारी बसून म्हटलं, "अक्का, थोडं पाणी द्या." त्यांनी डाव्या हाताने स्टीलचा पेला माझ्याकडे सरकवला. मी पीत असताना हळूच म्हणाल्या, "तवय का नही पिधं, माय?" एवढंच. पुन्हा भिंतीकडे वळल्या. जबाबाचा कागद कोराच राहिला, आणि मला इतकी लाज वाटली नाना, की पेला खाली ठेवायचंही सुचेना.

मुलगा घरी नाही, हे त्यांनी मला का सांगितलं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तुमच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला ते कळणार नाही असं होईल का? पण मोबाइलवर पुढच्या खांबाची वेळ उलटून गेलेली दिसत होती, आणि मी बटण दाबलं. तुम्ही गेल्यावर आता तुम्हाला हे कुठल्या पत्त्यावर पाठवू? खरं तर सोमवारचं सगळं लिहिलेला हा कागद साहेबांच्या टेबलावर जायला हवा. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. अजून तो माझ्या डब्याच्या पिशवीतच आहे.