बाभूळ कापायची करवत

अप्पा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही घाबरून. दुपारचे तीन वाजलेत. लेक स्कूटीवरून सोलापुरातल्या दुकानांना कडक भाकरीची पाकिटं पोचवायला गेली आहे, पाचपर्यंत येईल. तोवर मला हे कुणाला तरी सांगायचं आहे. जन्मभर वखारीत करवतीपुढे उभं राहिलेलं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं ठाऊक नाही.

कुंभारी गावातल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या तीन चुली आहेत. मी भाकरी थापते, लेक भाजते आणि विस्तवाच्या कडेला उभ्या करून कडक करते. हे गेल्यापासून घर याच्यावरच चालतं. गॅसवर करून पाहिली, पण तशी होत नाही. गिऱ्हाईक पहिल्या घासाला ओळखतं. लाकडं फोडायला एक म्हातारे मामा यायचे, त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. दुसरा कुणी आला तर दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. बाभळीचे ओंडके महिनाभर अंगणात लोळत पडले होते. शेवटी गेल्या आठवड्यात मी एकटीच सोलापूरला विजेची करवत बघायला गेले.

दुकानदारानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "ताई, मालकांना पाठवा की. हे बायकांचं काम न्हाय." मी म्हटलं, "मालक मीच हाय." मग बिचारा सरळ झाला. हातात मावेल अशी एक छोटी करवत मला आवडली होती, ती त्यानं उचलून मागे ठेवली. "बाभूळ हाय म्हणताय तर दोन हजार वॅटच्या खाली बघूच नका. लहान घेतली की ओंडक्यात अडकती. अडकली की माणूस जोर लावतंय, आन् तितंच घात होतो." पेट्रोलची नको, धुराचा वास भाकरीला लागेल, हे त्यानंच सांगितलं. सोळा इंची पातं, त्याच्याभोवती फिरणाऱ्या दातेरी साखळीसाठी वेगळं तेल, जाड वायर, आणि पुढच्या मुठीपुढे एक दांडी. ती ढकलली की साखळी जागच्या जागी थांबते. ती दांडी मी त्याला चार वेळा ढकलून दाखवायला लावली. शेवटी त्यानं करवत चालू केली, तशी मी मागे सरले ती पाइपांच्या ढिगावरच आदळले.

त्या आवाजानं मी सातवीच्या सुट्टीत जाऊन पडले. मी डबा घेऊन वखारीत आले आहे. करवत बंद होईपर्यंत दाराबाहेर थांबायचं, ही तुमची ताकीद. त्या दिवशी पाय भाजतात म्हणून मी सरळ आत येते आणि मागून तुमच्या खांद्याला हात लावते. तुम्ही खटका पाडता, वळता आणि सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात मारता. "तुला मरायचं हाय का मला मारायचं हाय?" मग तुम्ही तिथंच भुशात बसता आणि तुमच्यानं डब्याचं झाकण निघत नाही. ते मी काढून देते, रडत रडत. त्या थोबाडीत मारण्याचा राग मी किती वर्षं धरला होता, तुम्हाला कल्पना नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही थोडा शिल्लक होताच. दुकानात मला माझ्या पिशवीची गाठ सुटेना, तेव्हा कळलं की तुम्ही त्या दिवशी रागावला नव्हता, घाबरला होता. दुकानदारानं पाणी दिलं. मी तीच मोठी करवत घेतली.

आज सकाळी लेक आंघोळीला गेल्यावर मी ती बाहेर काढली. माझी भीती तिला दिसायला नको होती. ओंडका लाकडी घोडीवर ठेवून, उभं राहून कापा, असं दुकानदारानं बजावलं होतं. घोडी सुताराकडून यायची आहे. मी म्हटलं, एकच कापून बघू. पदर खोचला, खाली बसले आणि विळीचा पाट दाबतो तसा डाव्या पायानं ओंडका दाबून धरला. अप्पा, मी ते ठरवून केलं नाही. चाळीस वर्षं बसून चिरतेय, हात गुंतले की पाय आपोआप पुढे येतो. बाभूळ इतक्या लवकर तुटेल असं वाटलंच नव्हतं. साखळी ओंडक्यातून बाहेर आली आणि माझ्या चपलेचा पुढचा तुकडा उडून चुलीपाशी पडला. मी करवत सोडून पायाची बोटं मोजली. पाच होती. पुन्हा मोजली. तुकडा विस्तवात ढकलला, चपला सरपणामागे लपवल्या आणि परातीपुढे जाऊन बसले.

डोळे मिटून भाकरी थापणारी मी, आज एक धड होईना. उचलली की चिरायची. लेक म्हणाली, "आई, काय झालंय गं आज?"

"पिठाची विरी गेली असंल," मी म्हटलं. "जुनं पीठ असलं की चिरतीच भाकरी."

तिला पटलं. "मग उद्या सकाळी तू गिरणीत जा, नवं दळून आण. तवर लाकडं मी कापते. घोडीची वाट कशाला बघायची? बसून होतंय की."

आणि मी "व्हय" म्हणाले. भाजी चिरायला तीही माझ्यासारखीच बसते, डावा पाय पुढे घालून. मीच तिला तसं बसायला शिकवलं आहे. पायाचं सांगितलं तर ती मला करवतीला हात लावू देणार नाही, स्वतःच घेईल. नाही सांगितलं तरी उद्या सकाळी तीच घेणार आहे. मघापासून मला हेच दिसतंय, आणि हा कागद कुठं जायचा नाही म्हणून तुमच्यापुढे तरी कबूल करते.

स्कूटी दारात आली. पीठ कालच दळून आणलं होतं, अप्पा. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.