दिवेखोलीतली भिंत

४ तारीख, सोमवार
लिहायला फार उशीर झाला, वहीबाई, माफी असावी. सतरा दिवस नुसत्या संतापात गेले. आमचं बंद पडलेलं स्टेशन दुरुस्त करून तिथे वाचनालय करणार आहेत आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. एकतीस वर्षं मी तिथे सांधेवाला होतो. मी रूळ बदलायचो म्हणून गाड्या बरोबर गावाला जायच्या. संकल्प: सल्लागार व्हायचं. खुर्ची, ओळखपत्र, चहा. मानधन घेणार नाही. फारच आग्रह झाला तर बघू.

६ तारीख
आर्किटेक्ट बाईंना भेटलो. वयाने माझ्या नातीएवढ्या. कौलं चुकीची, बाकांचा रंग चुकीचा, अशा अकरा चुका दाखवल्या. काका, लिहून द्या ना, म्हणाल्या. म्हणजे नेमणूक झाल्यातच जमा. घरी सांगितलं. ही म्हणाली, तिने तुम्हाला वाटेला लावलं. हिला ऑफिसची भाषा कळत नाही.

९ तारीख
अकरा चुकांचे चाळीस कागद दिले. उत्तर नाही. मुकादम म्हणतो, आजोबा, हेल्मेट नसेल तर बाहेर बसा. मला. याचा बाप माझी शिट्टी ऐकून धावत सुटायचा.

११ तारीख, दुपारी
घात झाला. कंदील ठेवायची दिवेखोली आज कुलूप तोडून उघडली. तिथे दाराआडच्या भिंतीवर मी एकतीस वर्षं पेन्सिलीने लिहीत होतो. कोणती गाडी किती लेट, आणि स्टेशनमास्तरबद्दल माझं मत. 'मास्तर पुन्हा झोपला. गाडी मी काढली.' हे त्यातलं सौम्य. बाईंनी सगळं वाचलं आणि अक्षर ओळखलं तर सल्लागारपद बोंबललं.

१२ तारीख
मजूर जेवायला बसल्यावर आत शिरलो. त्यांच्याच बादलीतल्या चुन्याचे दोन हात मारले. वीस मिनिटांत भिंत चकाचक. यांना महिना लागला असता. मुकादमाने बघितलं. बघू दे, शिकेल.

१४ तारीख
बाई घरी आल्या. हातात लिफाफा. नेमणूकपत्र असणार म्हणून सदरा बदलून आलो. आत भिंतीचा फोटो होता, खोली उघडली त्याच दिवशी काढलेला, कोपऱ्यातल्या चार ओळींचा. म्हणाल्या, काका, अख्ख्या स्टेशनात एवढीच भिंत बोलत होती. काचेआड जपणार होतो. लिहिणारा सापडला असता तर त्यालाच तिथे खुर्ची देऊन लोकांना सगळं सांगायला बसवणार होतो. कोण होता तो? ही आतून म्हणाली, सांगा की. मी म्हणालो, असेल कोणी अडाणी. बाई चहा अर्धाच ठेवून गेल्या.

१५ तारीख
मुकादमाने फाटकातून आत सोडलं नाही. तिथेच चिठ्ठी खोचून आलो. नक्कल:
बाई, चुना ओल्या फडक्याने हळूहळू निघतो. खाली पेन्सिल राहिली असेल. मी स्वतः काढून देतो, हेल्मेट घालून. खुर्ची नको. तो अडाणी मीच. काय ते लवकर कळवा. मी घरीच असतो.