सहाणेवरची काळी रेघ

चैत्र वद्य पंचमी, शनिवार. सकाळी नातीला न्हाऊ घातलं, बाळगुटी उगाळून चाटवली, लेकीला शेक दिला. दुपारी दोघी झोपल्या. सहाण अजून धुतलेली नाही, समोर ठेवून बसले आहे.

माय, ही तुझीच सहाण. आज हिच्यावर वेखंड, हळकुंड उगाळलं आणि शेवटी सोन्याचा मणी फिरवला. ओल्या दगडावर बारीक पिवळी रेघ उमटली आणि मला माहेरचा, किन्हीराजाचा तो उन्हाळा आठवला. मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते. मळ्यातली विहीर तळाला गेली होती, वांगी सुकत चालली होती, म्हणून बाबांनी ती आणखी खोल करायला घेतली होती. एक दिवस काळ्या खडकात पांढऱ्या गारगोटीचा पट्टा लागला, आणि गारगोटीत पिवळे चमकणारे दाणे. बाबा एक तुकडा उपरण्यात बांधून घरी आले, आणि म्हणाले, सोनं लागलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेजारची काकू दारातूनच म्हणाली, "आता मालेगावच्या बाजारात वांगे कोन इकन वो बाई?" तू हसलीस. बाबा हसले नाहीत. त्यांचं ठरलं होतं, उद्यापासून खाली जायचं नाही, पट्ट्यामागे आडवं खणत जायचं. वांग्यांचं काय, असं तू विचारलंस, तर म्हणाले, वांगी पुढच्या वर्षी लावू. मग तू तो तुकडा मागून घेतलास. उजेडात पाहिलास, सावलीत पाहिलास, फिरवून फिरवून. दाणे एका अंगाने चमकायचे आणि जरा वळवले की विझायचे. तुझ्या गळ्यातला मणी मात्र सावलीतही तसाच पिवळा. "याले कोपरे हायेत," एवढंच म्हणालीस आणि चुलीपाशी गेलीस.

मी खाटेवरून पाहते आहे. तू आमच्याकडे पाठ करून बसली आहेस. थोड्या वेळाने बाबांना बोलावतेस, सहाणेवर मणी ओढतेस, त्याच्या शेजारी तो दगड. मण्याची रेघ पिवळी. दगडाची हिरवट काळी, तव्याच्या काजळीसारखी.

"सोनं कधी काळं उगाळते का?"

बाबा चिडले. म्हणाले, चुलीच्या धुरात सगळंच काळं दिसतं. सहाण उचलून अंगणात घेऊन गेले, तिथे पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा काळी. "मंग उद्या खालीच खंदतो," म्हणाले आणि न जेवता मळ्यात गेले. पुढे बरंच खाली पाणी लागलं. त्या पाण्यावरची वांगी मी सासरी जाताना टोपलीतून नेली.

त्या दगडाला माक्षिक म्हणतात, निखाऱ्यावर टाकला की गंधकाचा वास येतो, हे मला नंतर एका वैद्यांनी सांगितलं. पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. तू बाबांना बोलावलंस तेव्हा सहाणेवर आधीचीच एक काळी रेघ होती, बोटाने अर्धवट पुसलेली. म्हणजे तू एकटीने उगाळून पाहिलं होतंस. ती रेघ पिवळी निघाली असती, तर तू बाबांना बोलावलं असतंस का? की सहाण धुऊन टाकून त्यांना खालीच खणायला लावलं असतंस? सव्वा महिना तुझ्याजवळ होते, पण विचारलं नाही. तुझ्या तोंडावरून तरी काही कळत नव्हतं.

तो तुकडा तुझ्या गुटीच्या डब्यात अजून आहे, मुरुडशेंगेच्या खाली. कशासाठी जपलास, कोण जाणे. मघाशी मी तो काढला आणि सहाणेवर ओढून पाहिला. घरात दोघी झोपलेल्या, तरी ओढण्याआधी मी त्यांच्याकडे पाठ केली.

काळीच उमटली. आता सहाण धुते आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवते.