निळ्या रंगाखालची टोपी

नांदेड
ता. २० फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप अक्कास,
किशनचा सविनय जय भीम, वि. वि.

पत्राचं कारण तुला ठाऊक आहे, तरी दाजींना नीट कळावं म्हणून फोड करून लिहितो. चार वर्षांपूर्वी माझ्या आदर्शला दाजींनीच मागून नेलं होतं. ट्रक एकट्यानं ओढवत नाही, घरचं माणूस हवं, असं तेव्हा माझ्या ओसरीवर बसून म्हणाले होते. परवा तेच घरचं माणूस वळकटी घेऊन माझ्या दारात उभं राहिलं. मागच्या डाव्या चाकातून गिअर ऑइल गळत होतं. पोरानं तुमच्या अंगणात चाक उतरवलं, एक्सल ओढला, नवं ऑइल सील बसवलं. जहीराबादच्या फेरीत ते पुन्हा गळलं. सील गळलं तर सीलला बोलावं. दाजींनी भर गल्लीत, सगळ्या बस्तीसमोर त्याला चोर म्हटलं. नकली सील आणून वरचे पैसे खाल्ले म्हणे!

अक्का, मी एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक आहे. हे पोर माझ्या हाताखाली शिकलंय. सोनं आहे सोनं. तुमच्याकडे पाठवताना माझ्या पान्यांचा संच मी त्याला दिला होता. माझ्या हयातीत त्या संचाला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. ते पाने आता इथं फळीवर पडलेत, बघितले की तळपायाची आग मस्तकात जाते.

एसटीडी बूथवरूनच बोलणार होतो. पण समोर लाल आकडे पळायला लागले की माणूस भांडण सोडून आवरतं घेतो. हे आवरतं घ्यायचं भांडण नाही. दाजींनी शब्द मागे घ्यावा, नाहीतर किशनला बहीण आहे, मेहुणा नाही, असं मी समजेन. आदर्शची चौकशी करू नकोस. तो कामाला लागलाय.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे. दाजींचं नाव त्यात धरू नकोस.

तुझा
किशन


तारनाका, हैदराबाद
ता. १ मार्च १९९५

चि. किशन यास,
अक्काचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत, मनातून द्यायला तू जागा ठेवली नाहीस.

माझ्यावर कशाला ओरडतोस? मी काय त्याला चोर म्हटलं? ह्यांच्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. तसेच हात घेऊन मी गल्लीत धावले. तोवर आदर्श वळकटी बांधायला घरात शिरलाही होता. त्याला अडवलं, तर अत्या, आता नको, एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलते. स्वप्ना तर बापाशी तेवढंही बोलत नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

ह्यांचा संशय कशावरून, तेही ऐक. आदर्शनं अफझलगंजमधून आणलेलं सील नव्या तऱ्हेचं होतं. वर प्लास्टिकचं आवरण, चमचमणारं लेबल. हे म्हणाले, असली मालाला एवढं नटावं लागत नाही. आता बाजार खुला झालाय, तेव्हा चोरही खुले झालेत. ह्यांना तेलकट कागदात गुंडाळलेलं सील लागतं, तीस वर्षांची सवय. मग गेले, तेलकट कागदातलं घेऊन आले आणि स्वतःच चाक उतरवायला बसले. माझ्या अंगणात आता पाय ठेवायला जागा नाही. तुळया, जॅक, ड्रम, हब, आणि मधोमध हे, कोपरापर्यंत काळे. माझी नवी परात धुवायच्या रॉकेलसाठी घेतली. विचारलं तर माझ्यावरच हौले लोक, म्हणजे खुळे, परेशान करतात, म्हणून खेकसले.

आता सील बसलंय. ट्रक अंगणात उभा आहे आणि थेंब नाही. त्यामुळे ह्यांची मान आणखी ताठ झाली. बघितलंस, असली ते असली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मला मात्र आठवतं, आदर्शनं बसवलेलंही अंगणात कोरडं ठणठणीत होतं.

चौदा एप्रिल जवळ येतोय. दरवर्षीप्रमाणे बाबासाहेबांची तसबीर आमच्याच ट्रकवर बसणार आणि वर बस्तीतली बायापोरं. सीताफळमंडीच्या उतारावरून मिरवणूक जाते. तेल लायनरवर आलं तर ब्रेक लागत नाही, एवढं मलाही कळतं. तुझा राग बाजूला ठेव आणि काही सुचत असेल तर लिही.

आदर्श कुठं कामाला आहे? स्वप्नानं तुझ्या पत्त्यावर त्याला पत्र टाकलं, उत्तर नाही. तिचं मराठी वाचताना तुला हसू आलं असेल. इथल्या शाळेत तेलुगू आणि हिंदीच जास्त, तिचा दोष नाही.

लोभ असू दे, नसला तर निदान अक्कल असू दे.

तुझी
अक्का


नांदेड
ता. ९ मार्च १९९५

तीर्थस्वरूप अक्कास,
सविनय जय भीम, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दाजींनी स्वतः चाक उतरवलं हे वाचून बरं वाटलं. आता जेव्हा पुन्हा गळेल, आणि गळेलच, तेव्हा ते स्वतःलाच चोर म्हणणार का, ते मला मुद्दाम कळव. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्याला एकदा तरी फासाची दोरी हाताळू दे.

परातीचं वाचून हसलो, हे खोटं कशाला लिहू.

बायापोरांचं लिहिलंस म्हणून पुढचं लिहितो, दाजींसाठी नाही. एकच प्रश्न आहे. तेल उभ्या गाडीतून गळतं, की लांब पळून गाडी गरम झाल्यावरच गळतं? नीट बघून सांग. आणि उत्तर मिळेपर्यंत भरलेली गाडी रस्त्यावर काढू देऊ नकोस. डावं चाक ब्रेकला आलं नाही तर गाडी उजवीकडे खेचते, समोरून कोण येतंय ते ती बघत नाही.

आदर्शचं मी बघतो, बाप मी आहे.

लोभ आहेच. मेहुण्याबद्दल मागे लिहिलं तेही आहेच.

तुझा
किशन


तारनाका
ता. १५ मार्च १९९५

चि. किशन,
अ. आ. पोस्टकार्डावर लिहिते, यापेक्षा जास्त बोलावंसं वाटत नाही.

पुन्हा गळलं. गरम झाल्यावरच. अंगणात थेंब नाही, पण संगारेड्डीहून आले तर चाकाची आतली बाजू तेलानं न्हालेली. हे स्वतःला चोर म्हणाले नाहीत, सगळ्या अफझलगंजला म्हणाले. तिसरं सील आणलंय.

भरली गाडी काढू देत नाही, चावी माझ्या कमरेला आहे.

आणि बाप मी आहे म्हणजे काय? कुठं आहे तो?

अक्का


नांदेड
ता. २१ मार्च १९९५

तीर्थस्वरूप अक्कास,
सविनय जय भीम, वि. वि.

दाजींना सांग, सील बदलणं थांबवा. तिन्ही सील चांगलीच असणार, नटलेलंही आणि तेलकट कागदातलंही.

मागच्या धुऱ्याच्या हाऊसिंगवर, वरच्या अंगाला, बोराएवढी एक टोपी असते. ब्रीदर म्हणतात. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर जाते. टोपी बंद असली तर हवेला वाट राहत नाही, मग ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. गाडी थंड असताना दाब नसतो, म्हणून अंगणात कोरडं. डेपोत चिखलानं टोप्या बुजतात, महिन्यातून एकदा तरी एखादी निघते. तुमच्याकडे कशानं बुजली ते बघा. ती मोकळी करा, मग शेवटचं एक सील टाका, लायनर नवे घाला. आत्ताचं सील दाबानं आधीच गेलेलं असेल.

बसवताना हातोडा सरळ सीलवर मारू नये, लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोकावं. हे आदर्शला माहीत आहे.

त्याला इथल्या पत्त्यावर पत्र टाकू नका, तो नांदेडात नाही. जास्त विचारू नकोस.

तुझा
किशन


तारनाका, हैदराबाद
ता. १६ एप्रिल १९९५

चि. किशन यास,
अक्काचा जय भीम. आशीर्वाद या वेळी शेवटी लिहीन, ते तुझ्या वागण्यावर आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा हे तिसऱ्या सीलची चाचणी घेऊन नुकतेच आले होते, मोकळी गाडी लांबवर पळवून. पत्र वाचून दाखवते म्हटलं, तर किशनच्या अकलेवर माझी गाडी चालत नाही म्हणाले. मग मीच पोळ्यांचं उलथनं घेतलं आणि लुगडं खोचून गाडीखाली शिरले. खाली सगळं निळं. तुला माहीत नसेल, दर जयंतीला हे ट्रक रंगवतात. नुसतं बाहेरून नाही, पाठीवर झोपून पोटापर्यंत. ज्या गाडीवर बाबासाहेबांची तसबीर बसते तिचं पोटही स्वच्छ पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. बारा वर्षं हे चाललंय, थरावर थर. हाऊसिंगवर चाचपडत गेले, तर एक गुळगुळीत निळा गोळा हाताला लागला. खरवडला. खालून टोपी निघाली. जरा हलवली तर फुस्स करून हवा सुटली आणि तेलाचा शिंतोडा माझ्या कपाळावर.

तो आवाज ह्यांनी ऐकला. खाली वाकून बघितलं आणि तिथंच जमिनीवर बसले. ओट्यावर या वर्षीचा निळा डबा उघडून ठेवला होता, वर ब्रश. मी बाहेर आले. मीच बोलले. म्हटलं, आता कुणाला चोर म्हणायचं ते ठरवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लायनर आणायला अफझलगंजला गेलो. तिथं एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीबाहेर आदर्श मालाच्या बिल्ट्या लिहीत बसला होता. महिनाभर याच शहरात, माझ्यापासून बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर! गौलीगुड्यात चार पोरांबरोबर खोली. माझं रडू आवरेना. हे पुढं झाले, टोपीचं सांगितलं, घरी चल म्हणाले. पोरानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, की गल्लीत बोललेलं दुकानाच्या कोपऱ्यात परत घेता येत नाही. सर्वांसमोर बोललात, सर्वांसमोर परत घ्या, मग येतो. आणि पुन्हा बिल्टी लिहायला लागला.

हे घरी येऊन असे उकळले की विचारू नकोस. कालचं पोर मला अटी घालतं, मी कुणापुढं वाकलो नाही, सगळं झालं. जेवणावर राग, माझ्यावर राग, रंगाच्या डब्याला लाथ. निम्मा रंग अंगणात सांडला, तो अजून तसाच आहे. मी चावी दिली नाही. म्हटलं, तसबीर खांद्यावर नेऊ, पण निरपराध पोराला चोर म्हणणाऱ्याच्या गाडीवर ती बसणार नाही. जयंतीच्या आदल्या आठवड्यात विहाराची बैठक होती. सगळी बस्ती होती. आदर्शला स्वप्नानं बोलावून आणलं, तो मागे दाराशी उभा. ह्यांना भाषण येत नाही. माइक हातात घेतला आणि रागावल्यासारखेच बोलले. म्हणाले, गाडीचा श्वास मी माझ्या ब्रशनं बंद केला आणि चोर या पोराला म्हटलं. तो शब्द माझा होता, मी परत घेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर त्यांच्यावरही ओरडले, की टाळ्या कसल्या वाजवता, त्या दिवशी गल्लीत तुम्हीही उभे होतात, एकानं तरी मला अडवलं का.

त्याच दुपारी आदर्शनं सील बसवलं. हे शेजारी बसून रॉकेलची परात धरत होते. मिरवणुकीत गाडी त्यानंच चालवली. सीताफळमंडीच्या उतारावर ब्रेक जागच्या जागी लागला आणि चाकाला डाग नाही. टोपी सोडून बाकी सगळं निळं आहे.

आता तुझ्याकडे येते.

स्वप्नानं त्याला विचारलं, मामाच्या घरी का राहिला नाहीस. तेव्हा त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी तुझ्या दारात वळकटी खांद्यावरून उतरायच्या आत तू त्याच्या थोबाडीत मारलीस आणि विचारलंस, सीलच्या पैशाचं काय केलंस. तो रात्रीच्याच गाडीनं निघाला. तुझे पाने फळीवर ठेवून. आणि दोनच दिवसांनी तू मला लिहितोस, सोनं आहे सोनं!

किशन, मला तू पत्रातून एक प्रश्न विचारलास, गरम झाल्यावरच गळतं का. तोच त्याला दारात विचारायचा होतास. तो तुझ्या हाताखाली शिकलाय, लगेच टोपीवर आला असता. सगळं तिथंच मिटलं असतं. तुझे दाजी तापट आहेत, अडाणी आहेत, पण त्यांनी गल्लीत म्हटलं आणि विहारात परत घेतलं. तू तर घरातच मारलंस, तुला माइकही लागत नाही. ह्यांचा राग मला दिसला तरी होता, तुझा तू पत्रांखाली रंगवून टाकलास.

सील बसवायला आदर्शनं शेजारून उसने पाने आणले. ह्यांनी स्वतःचे पुढं केले तर नको म्हणाला. तुझे पाने घेऊन ये. तू स्वतः ये. पार्सल करू नकोस, पार्सल आलं तर मी तसंच परत पाठवीन, माझ्या हट्टाची तुला ओळख आहे. तो उसन्या पान्यांनी काम करतोय, तोवर तुझ्या आशीर्वादाची जागा मोकळी.

लोभ माझा आहेच, तो आईच्या पोटातून आणलाय. तुझा किती आहे ते गाडीतून उतरलास की बघेन.

तुझी
अक्का