मायजवळ बसायचा पास

अमळनेर,
२४ जानेवारी १९९६

चि. सौ. योगिता हीस, सरलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोहोचले. वाल्मिक माझा भाऊ असला तरी स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्याच्याशी यातलं काही बोलले नाही, म्हणून तुला लिहिते. जिने मला जन्म दिला त्या मायच्या खाटेजवळ बसायला मी चालत नाही, हे कळायला सुरतला यावं लागलं.

एका रोग्यापाशी एकच माणूस, हा दवाखान्याचा नियम मला मान्य आहे. प्लेगच्या सालापासून तुम्ही गर्दीचा धसका घेतलाय, तेही समजते. पण दोन दिवस तो पुठ्ठ्याचा पास माझ्या गळ्यात होता. तिसऱ्या सकाळी मायने तो काढायला लावला आणि तुझ्या गळ्यात घातला. भर वॉर्डात म्हणाली, माले योगिताच जोयजे, सरलाले घर धाड. नर्ससुद्धा माझ्याकडे बघत राहिली.

सून झालीस, आता लेकही तूच हो. मेथीचे लाडू ठेवून आले आहे. ते मायसाठी आहेत, हे वेगळं सांगायला नको. तिची तब्येत कळव.

माझा लोभ होता तेवढा आहे. तुझा किती उरलाय ते बघ.
सरला

उधना, सुरत,
३० जानेवारी १९९६

ती. सौ. सरलाताई यांस, योगिताचा शि. सा. न.

मायचा ताप उतरला. ऑक्सिजन मात्र अजून अधूनमधून लागतो. डॉक्टर म्हणतात, हा पडशा-तापाचाच विषाणू आहे. तरुणांचं चार दिवस नाक गळतं, पण म्हाताऱ्यांच्या तो छातीत उतरतो. वॉर्डात जिकडे बघावं तिकडे पांढरे केस. एक खाट रिकामी झाली की तासाभरात दुसरी आजी येते. शेजारच्या खाटेवर कोसाडची एक म्हातारी आहे ना, तिच्या उशाशी तिची बहीण बसायची. तुम्ही निघालात त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या बहिणीलाच धाप लागली आणि तिलाही खाट द्यावी लागली.

लाडवांच्या डब्याचं झाकण मी उघडलेलं नाही, निश्चिंत असा. आणि मी इथे राज्य करते असंही समजू नका. फरशीवर पेपर अंथरून निजते, खोकला मलाही लागलाय. मायला पाणी मी पाजते आणि ती सरला म्हणून हाक मारते. मला काय वाटत असेल? तरी खरं सांगते, पास माझ्या गळ्यात पडला तेव्हा मला फार बरं वाटलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण मीच पाहिजे असं माय पहिल्यांदाच म्हणाली. तुमचे भाऊ चिडवतात, की मी तो पास मंगळसूत्रासारखा मिरवते.

राग धरा, पण पत्र धाडत जा.
तुमची योगिता

अमळनेर,
६ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. योगिता हीस, आशीर्वाद.

माय घरी आली हे मला निंबाने येऊन सांगितलं. म्हणजे आता मायची बातमीही गावच्या माणसाकडून कळायची. तुझं पत्र वाचून अंगाची लाही झाली. तुला बरं वाटलं म्हणे. तेव्हा मी वॉर्डाच्या दारात पिशवी घेऊन उभी होते.

शिवरात्रीला मी मायला न्यायला येते. माझ्या घरी ऊन आहे, दूध आहे, आणि दम्यामुळे मला जरा कमी चालता येत असलं तरी माझे हात शाबूत आहेत. ती नाही म्हणाली तर तुमच्या दाराशी मी पुन्हा येणार नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस.

लोभाचं शिवरात्रीला बघू.
सरला

उधना, सुरत,
१२ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. सरलाताई यांस, शि. सा. न.

पत्र वाचून दाखवलं, ओळ न गाळता. माय नाही म्हणाली. मग रडली, आणि तुम्हाला कळवू नको म्हणून मला शपथ घातली. मी ती मोडते आहे.

कोसाडच्या त्या बहिणीला खाटेवर टाकलेलं मायने पाहिलं होतं. रात्रभर तिला झोप नव्हती. सरला पंचावन्नची, त्यात दम्याची, उद्या तिलाही असंच झोपवतील, एवढंच तिच्या मनात. नुसतं जा म्हटलं असतं तर तुम्ही हलला नसतात, म्हणून लागेल असं बोलली. घरात आमचा खोकला अजून गेलेला नाही, तेव्हा थंडी सरेपर्यंत तुम्ही यायचं नाही, असं तिचं म्हणणं आहे.

मग मी कशी चालले, असं मी विचारलं. योगिता तरणी आहे, तिला काय होणार, म्हणाली. बरोबरच आहे, डॉक्टरही तेच म्हणतात. तरी मी मोरीत जाऊन रडले.

पास मला मिळाला म्हणून तुम्ही जळलात. ताई, मला तर तुमच्या गळ्यातून तो काढला याचा हेवा वाटतो. माझी आई असती तर तिने माझ्याही गळ्यातून काढला असता.

लोभ मागत नाही, असेल तर असू द्या.
योगिता

अमळनेर,
१७ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. योगिता हीस, पोटभर आशीर्वाद.

मी आले नाही. मायला सांग, सरला अजून चिडलेली आहे, म्हणजे तू शपथ मोडलीस हे तिला कळायचं नाही. माझा हेवा संपला असंही समजू नकोस. तिचे पाय तू चेपतेस, हे मला आजही सोसत नाही.

निंबाबरोबर सुंठीचे लाडू पाठवते. डब्यावर तुझं नाव टाकलंय. त्यातला एकही मायला देऊ नकोस.

वॉर्डातला तुझा खोकला अजून आहे का? छातीत दुखतं का? डॉक्टरला दाखवलंस का? तुला कुणी विचारलं नसेल. आधी ते कळव, मायचं मग लिही.

उत्तराची वाट बघते.
तुझी सरलाताई