तुझ्या मानेवरचे वळ

आई, गेल्या महिन्यात माझ्या हातांवर तेच उठलं जे तुझ्या अंगावर उठायचं. मनगटापासून कोपरापर्यंत लांबट लाल वळ, कडेला पाण्याचे फोड, वेताने झोडपल्यासारखे. तू कामाला होतीस त्याच गडबच्या रोपांच्या नर्सरीत मी अजून आहे, आता सगळं काम मीच बघते. आठवडाभर लाल फुलांच्या झुडपांची छाटणी चालली होती. फार्महाऊसवाल्यांना फाटकाशी तीच लागतात.

ती ओळखायला तूच शिकवलंस. शाळा सुटली की मी नर्सरीत यायचे. एकदा तू दोन फांद्या माझ्यासमोर धरल्यास आणि म्हणालीस, "पानं उलटून बघ गो." दोन्ही खालून चंदेरी. मग तू फरक दाखवलास. सिल्व्हर ओकचं पान नेच्यासारखं बारीक कातरलेलं, फुलं केशरी, एकाच बाजूला केस असलेल्या ब्रशासारखी, जुन्या लाकडावर येणारी. दुसरीच्या पानाला मोजक्याच लांब पट्ट्या, कडा आत वळलेल्या, आणि फूल लाल, शेंड्यावर उभं. "बहिणी हायत दोघी, पन हिच्यापासून लांब ऱ्हायचा," असं म्हणून तू बाह्या खाली ओढल्यास. आज मी गिऱ्हाइकांना सांगते की दोन्ही प्रोटिया कुळातली, मूळची ऑस्ट्रेलियाची. तुला एवढंच ठाऊक होतं की ही अंगाला लागते.

छाटलेल्या फांद्या तू खांद्यावरून न्यायचीस, म्हणून मानेवरही वळ उठायचे. बाबा रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा. दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. घरी आला की आधी तुझी मान बघायचा. "कोनी केलं?" "झाडानं." "झाड मानेला धरतं?" त्याच्या डोक्यात नर्सरीचा मालक बसला होता. कंपनीतून आणलेल्या रबरी नळीने तो तुला मारायचा, आणि मग झाडाचा वळ कुठला आणि नळीचा कुठला, हे मलाही सांगता यायचं नाही.

एका रविवारी भर दुपारी तू फांदी घेऊन घरी आलीस आणि त्याला म्हणालीस, "हात दे तुझा." त्याने दिला. तू पानं-फुलं चुरगाळून चीक निघेपर्यंत त्याच्या हातावर घासलीस. पुढचे दोन दिवस तो सकाळी दारात उभा राहून हात उजेडात धरायचा, आणि चुलीपाशी बसून तू त्याच्याकडे बघत राहायचीस. त्याला काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी तो दाराला कडी घालतो. मी आतच आहे. आधी नळी, मग पाट. तुझं उजवं मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू येतो. तो तुला केसांना धरून उंबऱ्यापर्यंत ओढतो, तिथे तुझी कामाची पिशवी आहे, आणि तू डाव्या हाताने तिच्यातला कोयता काढून फिरवतेस. त्याची दोन बोटं कातड्याला लोंबकळतात. तो खाली बसून नुसता त्यांच्याकडे बघत राहतो. तू कडी काढलीस, माझा दंड धरलास आणि आपण नर्सरीत आलो. तिथल्या खताच्या खोलीत आपण राहिलो, तू काविळीने जाईपर्यंत.

गावाने बाबाचंच खरं धरलं. मिठागरावरून मामा आला, तोही तुझी मान बघून म्हणाला, "बये, खरं काय ता सांग." त्यानंतर तू कुणालाच काही सांगितलं नाहीस. तुला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनीही आधी मान निरखून बघितली. मी तिथेच उभी होते.

पेणच्या डॉक्टरबाईंना मी लाल फुलाचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "याच्या चिकाची ॲलर्जी असते. सगळ्यांना होत नाही. आणि पहिल्यांदा लागला तर लगेच काही दिसत नाही. कधीकधी दहा-बारा दिवसांनी त्याच जागी उठतं."

कोलाडची आत्या गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतो. मी घरी आले तेव्हा जेवत होता. मी हात पुढे केले. "झाडाचंच होतं, बाबा."

"व्हय," तो म्हणाला. घास गिळला. "माज्या पन हाताला उठला होता. बोटांना पट्टी बांधून तुझ्या आत्याकडं पडलो होतो तवा. तुझ्या आयनं घासला होता, तितंच."

"मग बोलला का नाय?"

"माजी बोटं गेली होती. आता बोलून काय व्हनार?"

म्हणजे तू जिवंत असताना त्याला माहीत होतं. मामा येऊन गेला तेव्हा माहीत होतं. तुझ्या दहाव्याला सगळ्यांसमोर मान खाली घालून बसला होता, तेव्हाही.

मी त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला, ताटातल्या भातावर रक्त पडलं. आवाज ऐकून शेजारीण आली. तिला मी सांगितलं, रागाच्या भरात हात गेला, एकदाच. ती म्हणाली, होतं असं, म्हातारी माणसं वैताग आणतात. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. हात गेला तो पहिल्यांदा. दुसऱ्या वेळी मी आधी त्याच्यासमोरचं ताट उचलून बाजूला ठेवलं, आणि मग मारलं.