कुंजीलाल फिटरच्या सात पुड्या

दिनांक : ९ जून २०२५
अर्जदार : सोनिका कुंजीलाल रहांगडाले, फुलचूर, ता. जि. गोंदिया

प्रति,
मा. शाखाधिकारी,
परकीय चलन विभाग, मुख्य शाखा,
गोंदिया

विषय : वडिलांच्या हस्ताक्षरातील कागदी पुड्या रद्दीतून शोधून परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. १२ मार्च व दि. १६ एप्रिलची पत्रे.

महोदय,

१. रविवार, दि. ९ फेब्रुवारी रोजी माझे वडील कुंजीलाल रहांगडाले यांनी सकाळी स्कूटरचा ब्रेक घट्ट केला. दुपारी ते लाखोळीच्या डाळीशी भात जेवले. संध्याकाळी त्यांनी माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या बिजागरीला तेल दिले. लक्षात ठेवावा असा तो दिवस नव्हता. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर ते अंगणात खाली बसले, ते उठले नाहीत. मृत्यूचा दाखला आपण माझ्याकडून तीन वेळा घेतला आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

२. वडील राईस मिलची यंत्रे बसवणारे फिटर होते. येथील एका कारखान्याची यंत्रे जिथे जात तिथे ते जात : नेपाळात बिरगंज, बांगलादेशात दिनाजपूर, टांझानियात मोरोगोरो. परतताना खिशात उरलेला तिथला पैसा ते बदलून घेत नसत. या फिटर लोकांत एक समजूत आहे की, ज्या गावचा पैसा पुरता मोडला त्या गावाहून पुन्हा बोलावणे येत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या शेवटच्या नोटा आणि चिल्लर ते कागदाच्या पुडीत बांधत आणि मिस्त्रीच्या चपट्या पेन्सिलीने वर लिहीत. उदाहरणार्थ : "दिनाजपूर. पट्टा सैल. इद्रिसच्या घरी जेवलो, माशाचा काटा लागला." अशा सात पुड्या होत्या. हे सगळे बदलून का टाकत नाही, असे मी एकदा विचारले होते. म्हणाले, "कायले मोडू? परत जाऊन राहिलो ना मी."

३. ते गेल्यावर माझी आई तुलसाबाई हिने हट्ट धरला की, तेरवीच्या आत हा पैसा मोडून टाक, नाही तर "कोन्या मिलवाल्याचं बोलावणं लागून राहीन त्यायच्या जीवाले." मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी आईसाठी दि. १८ फेब्रुवारीला पुड्या घेऊन आपल्या बँकेच्या खिडकीवर आले. आपले लिपिक श्री. जागेश्वर यांनी नाणी बोटाने बाजूला सारली व म्हणाले, "चिल्लर कोई नहीं लेता, मॅडम. मंदिर में डाल दो, नहीं तो बच्चों को खेलने दे दो." मग सर्वच तपासणीसाठी ठेवून घेतले आणि मला पोच दिली. पोचेवर लिहिले आहे : "परदेशी वस्तू, एक पिशवी."

४. दि. १२ मार्चच्या पत्राने आपण कळवलेत की, मूळ धारकाने पासपोर्टसह समक्ष हजर राहावे. मी दाखला पाठवला. दि. १६ एप्रिलच्या पत्राने आपण विचारलेत की, धारकाने हे चलन मुदतीत परत का केले नाही, आणि खुलासा धारकाच्याच सहीने मागितलात. महोदय, मेलेल्या माणसालाही पैशापायी बोलावणे येऊ शकते, असे माझी आई मानते. आपले कार्यालयही तेच मानते. फरक इतकाच की आई त्याच्याकडे सही मागत नाही. आपले दुसरे पत्र वाचल्यापासून मी तिला अडाणी म्हणणे सोडले आहे. परदेशी नाणी कोणीही कितीही बाळगू शकतो, असा नियम माझ्या वाचनात आहे. तो आपल्या विभागातही कोणी वाचला असेल असे मी गृहीत धरले, ही चूक माझी.

५. तेरवी होऊन गेली. पैसा मोडला नाही, आणि आईनेही तो विषय पुन्हा काढला नाही. दि. ५ मे रोजी मी सर्व परत मागितले. नोटा रबर लावून मिळाल्या, नाणी लिफाफ्यात मिळाली. पुड्या नव्हत्या. श्री. जागेश्वर म्हणाले, "वो तो रद्दी थी, मॅडम. नोट तो पूरे हैं ना?" नोटा पूर्ण आहेत. कोणती नोट कुठली, हे नोटेवर छापलेले असते आणि ते मला वाचता येते. इद्रिसचे नाव नोटेवर छापलेले नाही. ती रद्दी एका पोत्यात भरून आपल्या जुन्या कागदांच्या खोलीत ठेवलेली आहे व जूनअखेर विकली जाणार आहे, असे मला सांगण्यात आले. पोते उघडायला आपली परवानगी लागते. पुड्या चलन नसल्याने त्यांच्यासाठी छापील नमुना नाही, म्हणून हा अर्ज साध्या कागदावर करते आहे.

६. तरी ते पोते माझ्यासमक्ष उघडावे. आपल्या कोणाला हात घाण करावे लागणार नाहीत, मी स्वतः शोधीन. अक्षर मला दुरूनही ओळखता येते. बदल्यात नोटा हव्या असतील तर त्या आपण ठेवून घ्याव्यात. आपल्याला किंमत फक्त त्यांचीच कळते.

७. या अर्जाचा मसुदा दाखवला तेव्हा श्री. जागेश्वर म्हणाले, "साहब इतना लंबा नहीं पढ़ते. आप ही पढ़कर सुना देना, कारण भी मुँह से बता देना." त्यामुळे मी हे आपल्यासमोर मोठ्याने वाचते आहे, आणि कारणही तोंडानेच सांगते. वडील प्रत्येक वेळी बॅग उचलून दारातून म्हणत, "येतो बेटा." मी पुस्तक वाचत असे. मान वर न करता "हं" म्हणत असे. त्यांच्या फिरतीच्या बावीस वर्षांत त्या "येतो"ला घरातल्या माणसाने द्यायचे साधे उत्तर मी एकदाही दिले नाही. ते आता देते. आपण हवे तर नोंद करून घ्यावी.

या, बाबा. मी वाट पाहते.

अर्जदार,
सोनिका कुंजीलाल रहांगडाले